चौकटीच्या खाली

रोमुआल्द आला तो कडक इस्त्रीच्या चौकड्यांच्या सदऱ्यात.
म्हटलं, काढा तो.
चौकड्या आधी दिसतात, माणूस मागाहून.
खुंटीवर माझा एक राखाडी स्वेटर असतो,
शंभरेक जणांनी घातलेला, कुणाचाच नसलेला.
तो डोक्यातून घालताना त्याचे केस विस्कटले.
विस्कटलेलेच राहू दिले.

वूच शहरातली ही सूतगिरणी, बंद पडून तीस वर्षं झाली.
तिसऱ्या मजल्यावर उत्तरेची उंच खिडकी.
हिच्या उजेडात बाया तुटलेला धागा शोधायच्या.
मी अजून तेच करते,
फक्त माणसांच्या तोंडावर.

येईल त्याला सांगते:
डोळ्यांत ही खिडकी उमटली पाहिजे, तांदळाएवढी.
सुरकुत्या पुसून मिळणार नाहीत.
फोटो बघून ज्याला बोलावलं
तोच दारातून आत यायला हवा,
त्याचा थोरला भाऊ नव्हे.
आणि दातच दाखवायचे असतील
तर दंतवैद्य खालच्या मजल्यावर बसतात.

"काम किती वर्षं केलंत?"
"एकतीस. पण मला कुणी पाहिलेलं नाही."

बाहुल्यांचं थिएटर.
काळा झगा, काळे मोजे, तोंडावर काळं फडकं.
एकोणीस वर्षं कोल्हा,
मग पाववाला, राजाची सासू,
एका हिवाळ्यात नुसता चंद्र.
मार्चमध्ये कुलूप लागलं.
भाची म्हणाली, मामा, मालिकांना आजोबा लागतात.
एकसष्टाव्या वर्षी
तो आपला चेहरा घेऊन बाहेर पडला होता,
उसना आणलेला असावा तसा, जपून.

पहिले चाळीस फोटो पासपोर्टचे.
पुढचे चाळीस पोलिसांच्या फाइलीतले.
मग एक असा आला
की खाली दोन तारखा लिहायच्या तेवढ्या बाकी.
"काहीतरी मनात आणा," मी म्हणाले.
त्यानं आणलं. लगेच दिसलं,
की आणलंय.

कॅमेरा ठेवला. चहा केला, लिंबू घालून.
तो खिडकीबाहेर बघत गप्प,
आणि टेबलावर त्याची बोटं
चमच्याशी काहीतरी बोलत होती.
चमच्यानं मान वाकडी केली.
चमचा रुसला.
शपथेवर सांगते, रुसला.

मी माझा डावा हातमोजा पुढे केला,
लोकरीचा, अंगठ्याला भोक पडलेला.
त्यानं तो चढवला,
आणि मोजा जागा झाला.
आधी मला न्याहाळलं, मग दिव्याला,
मग वर वळून त्याच्याकडे बघत राहिला,
आता बोल, म्हणाल्यासारखा.

तो बोलला नाही. त्यानं ऐकलं.
कपाळावरची ती उभी आठी सुटली.
ओठांच्या डाव्या कोपऱ्यात
कोल्ह्याची एकोणीस वर्षं हलली,
डोळे ओले नाहीत, पण जवळपास.
चेहऱ्याला विसर पडला होता की तो चेहरा आहे.
मी सहा वेळा बटण दाबलं. सातव्यांदा धीर झाला नाही.

फोटो गळ्याच्या हाडापाशी कापला आहे.
मोजा चौकटीच्या खाली राहिला.

त्याला आवडला नाही.
"मी असा दिसतो?" म्हणाला,
"कुणी सांगितलं नाही कधी."
बाईंना विचारायला हवं होतं, असं काहीसं पुटपुटला;
बाई कोण, ते मी विचारलं नाही.
स्वेटर घडी करून दिला.
मोजा काढला अंगठ्याकडून, हळू,
आणि टेबलावर कुशीवर निजवला.

आज एजन्सीच्या हाल्श्काचं पत्र आलं, एका ओळीचं:
हा माणूस कुणाचं तरी ऐकतोय. कुणाचं?

उत्तर लिहायचं राहिलंय.
बाहेर उणे अकरा.
एक हात मोज्यात, दुसरा खिशात घालून
ट्रामची वाट बघते.